उंबरठ्याच्या आत कोण?

वॉरंट घेऊन पोलीस दारात उभे राहिले की घरधन्याला वाट द्यावीच लागते. परंतु त्यांच्या पाठोपाठ आणखी कोणी आत यावे काय? अमेरिकेसारख्या देशातही या प्रश्नाचा निवाडा होण्यास १९९९ साल उजाडावे लागले.

त्या देशात नागरिकांना व वार्ताहरांना पोलिसांच्या गाडीतून गस्तीवर नेण्याचा प्रघात आहे. त्यास ते ‘राइड-अलाँग’ म्हणतात. पाहुण्याने हमीपत्रावर सही करावी आणि अधिकाऱ्याच्या आज्ञेत राहावे, असे त्याचे सर्वसाधारण नियम. पोलिसांचे काम लोकांनी पाहावे, हा हेतू वाईट नव्हे. रस्ता सर्वांचाच आहे. घर मात्र सर्वांचे नव्हे.

१६ एप्रिल १९९२ रोजी भल्या पहाटे मेरीलँड राज्यातील रॉकव्हिल येथे एका फरारी तरुणास पकडण्यासाठी पोलीस एका घरात शिरले. घर त्याच्या आईबापांचे निघाले. अंतर्वस्त्रावर असलेल्या बापास जमिनीवर दाबून धरले. आई झोपण्याच्या कपड्यांतच धावत आली. मुलगा तेथे नव्हताच. पण पोलिसांबरोबर ‘वॉशिंग्टन पोस्ट’चा वार्ताहर आणि छायाचित्रकार होता. छायाचित्रे निघाली, ती छापली मात्र गेली नाहीत.

आईबाप न्यायालयात गेले. २४ मे १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले, की वॉरंटाच्या कामाला ज्याची मदत नाही, त्याला घरात नेणे हा संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीचा भंग होय. पत्रकारांमुळे पोलिसांच्या अतिरेकास आळा बसतो, हा युक्तिवाद टिकला नाही. कारण ते घरधन्याच्या रक्षणासाठी नव्हे, आपल्या बातमीसाठी आले होते. मुख्य न्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी घरास किल्ला मानणाऱ्या १६०४ सालच्या इंग्रजी निवाड्याचा आधार घेतला. मात्र १९९२ मध्ये हा नियम स्पष्ट नव्हता, म्हणून अधिकारी भरपाईतून सुटले. तत्त्व जिंकले, दावेदार हरले! कामगारांना हा अनुभव नवा नाही.

आमच्याकडे झडतीच्या वेळी बाहेरचा माणूस आत येतो, तो पंच म्हणून. १८९८ च्या फौजदारी संहितेत ही तरतूद होती, १९७३ च्या संहितेत राहिली आणि आज २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. त्याच परिसरातील दोन प्रतिष्ठित, स्वतंत्र रहिवासी साक्षीला हवेत. घरधन्यास हजर राहण्याचा व जप्तीच्या यादीची प्रत मिळण्याचा हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून झडतीचे चित्रीकरणही आवश्यक झाले. पण ते मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचे असते, वर्तमानपत्राकडे नव्हे.

मीरत खटल्यासाठी २० मार्च १९२९ रोजी मुंबईच्या गिरणी कामगार पुढाऱ्यांची धरपकड व झडत्या झाल्या. तेव्हापासून आमच्या चळवळीस पंचाचे मोल ठाऊक आहे. आणि तो पोलिसांच्या ओळखीचा निघाला तर पंचनामा कसा पोकळ ठरतो, हेही.

वृत्तपत्रांचा डोळा पोलिसांवर असलाच पाहिजे. लाठीमाराची हकीकत एरवी जगाला कळणार कशी? परंतु ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी! पोलिसांच्या गाडीतून आलेला वार्ताहर यजमान दाखवील तेच पाहतो. त्याने रस्त्यावर, चौकीत, न्यायालयात स्वतःच्या पायाने जावे. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचे तर घरधन्याची संमती घ्यावी. आरोप सिद्ध होण्यापूर्वीच ज्याची अब्रू चव्हाट्यावर येते, त्याला पुढे निर्दोष सुटूनही ती परत मिळत नाही.