भाण

भाण : गोव्यात काजूची व माडाची फेणी गाळण्यासाठी वापरण्यात येणारे ऊर्ध्वपातन-पात्र. मूळचे मातीचे असलेले हे पात्र आता बहुधा तांब्याचे असते. घरगुती मद्यनिर्मितीत पात्राची निवड केवळ कारागिराच्या आवडीवर अवलंबून नसते; द्रव्याचे गुणधर्म, सरपण आणि अबकारी कायदा या तिन्हींचा तीवर प्रभाव पडतो, हे भाणाच्या इतिहासावरून दिसून येते.

भारतीय उपखंडात मातीच्या ऊर्ध्वपातन-पात्रांची परंपरा जुनी असावी. तक्षशिला व शैखान ढेरी येथे सापडलेल्या मृत्पात्रांवरून तसे अनुमान एफ्. आर्. ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये मांडले. गोव्यात माडाच्या सुरेची फेणी आधीपासून होत असे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणल्यानंतर बोंडांच्या रसालाही तीच पद्धत लागू झाली.

बोंडे तुडवून काढलेला रस (नीरो) रांजणात ठेवतात. त्याचे किण्वन नैसर्गिक यीस्टमुळेच होते. आंबलेला रस भाणात घालून तोंड मातीने लिंपतात व खाली लाकडाचा जाळ करतात. वाफ नळीवाटे दुसऱ्या पात्रात जाते. त्या पात्रावर गार पाणी ओतत राहिल्याने तिचे द्रवीभवन होते. पहिल्या ऊर्ध्वपातनात सु. १५% अल्कोहॉल असलेला हुर्राक मिळतो. त्याच्या पुन्हा ऊर्ध्वपातनाने सु. ४२ ते ४५% अल्कोहॉलची फेणी तयार होते.

मातीचे भाण स्वस्त असते व आम्ल रसाचा त्यावर परिणाम होत नाही. परंतु ते सावकाश तापते आणि तडकल्यास सर्व रस वाया जातो. तांब्याचे पात्र टिकाऊ असते. तांब्याची उष्णता संवाहकता अगंज पोलादाच्या सु. २५ पट असल्याने जाळाची उष्णता तळभर लवकर पसरते व रस एकाच जागी करपण्याचा धोका कमी होतो. शिवाय वाफेतील दुर्गंधी गंधक-संयुगे तांब्याशी संयोग पावून निघून जातात. मात्र आम्ल रस आत साठवून ठेवल्यास तांबे त्यात उतरते. सांध्यांना शिसेयुक्त डाक दिल्यास शिसेही मद्यात येते व ते घातक ठरते. म्हणून पात्र वापरानंतर लगेच धुणे व सांध्यांना शिसेरहित डाक देणे आवश्यक असते.

धान्यापासून घरी बीअर करणाऱ्यापुढेही हाच प्रश्न असतो. यवाच्या माल्टाचा संपूर्ण रस उकळावयाचा असल्याने मोठे पात्र लागते. फेस उतू जाऊ नये म्हणून त्यात मोकळी जागाही ठेवावी लागते. येथे वाफ गोळा करावयाची नसते, त्यामुळे स्वच्छ करण्यास सोपे असे अगंज पोलादाचे पात्र सोयीचे ठरते. इंग्लंडमध्ये बीअर उकळण्याच्या पात्रास ते पोलादाचे असले तरी ‘कॉपर’च म्हणतात, जुन्या धातूची आठवण त्या नावात उरली आहे.

कोणते पात्र वापरावे याहून, पात्र ठेवता येईल का हा प्रश्न महाराष्ट्रात अधिक निर्णायक ठरला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यान्वये मद्य गाळणे परवान्याच्या व मध्यवर्ती भट्ट्यांच्या नियंत्रणाखाली आणण्यात आले. पुढे १८९२ च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा बदललेल्या नावाने आजही लागू असून त्यानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. परिणामी घराच्या परसात मोहाची दारू गाळणारी मडकी चोरटेपणाची खूण ठरली. गोव्यात मात्र भट्टी परवान्याने चालू राहिली. काजूच्या फेणीस २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले व २०१६ मध्ये गोवा शासनाने फेणीला वारसा-मद्याचा दर्जा दिला. सिंधुदुर्गातही काजू पिकतो. परंतु तेथील बोंडे मोठ्या प्रमाणात वाया जातात.

तांब्याच्या प्रसारामुळे मातीच्या भाणाची मागणी घटली. भाण घडविणाऱ्या कुंभाराचे कसब त्याबरोबर मागे पडत आहे.