लिलाव जिंकणारा नेमकं काय जिंकतो?



आजचा विषय ऐकून काही जणांना हसू येईल: जुन्या सायकलींचे वापरलेले सुटे भाग आणि त्यांचे ऑनलाइन लिलाव. इतिहासाच्या मालिकेत हे कुठून आलं, असंही वाटेल. पण वापरलेल्या वस्तूला माणसं तिच्या लायकीपेक्षा जास्त पैसे का मोजतात, हा प्रश्न फार जुना आहे. सायकलच्या एका गिअरच्या निमित्ताने तो नीट समजून घेता येतो.

सुरुवात शब्दापासून करू. ‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. हिंदीतला नीलाम, बंगालीतला निलाम, मल्याळममधला लेलम, तमिळमधला एलम ही त्याचीच भावंडं. तुम्ही इंदूरला राहत असा, कोलकात्याला किंवा कोचीला, बोली लावताना तुमच्या तोंडी पोर्तुगिजांचाच शब्द असतो. १५८३ मध्ये लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण गोव्यात आला. तो तिथल्या आर्चबिशपच्या पदरी कारकून होता. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गोव्यातल्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाची हकिगत आहे. तिथे घोडे विकले जात, कापड, जवाहीर आणि दुर्दैवाने गुलामही. मेलेल्या माणसांचं सामानसुद्धा तिथेच विकलं जाई. म्हणजे वापरलेल्या वस्तूंचा लिलाव आपल्या मातीत चारशे वर्षांपेक्षा जुना आहे.

लिलावात जास्त पैसे मोजणं त्याहूनही जुनं. इसवी सन १९३ मध्ये रोमच्या शाही रक्षकांनी सम्राटाचा खून केला आणि साम्राज्यच बोलीवर काढलं. सल्पिशियानस हा छावणीच्या आत होता, डिडियस ज्युलियानस तटाबाहेर. एकाची बोली २०,००० सेस्टर्सपर्यंत गेली. सेस्टर्स म्हणजे रोमन नाणं, आणि ही रक्कम प्रत्येक शिपायामागे होती. ज्युलियानसने एकदम २५,००० ची बोली दिली आणि तो सम्राट झाला. ६६ दिवसांनी त्याला ठार मारण्यात आलं. लिलाव त्याने जिंकला, पण विकत घेतलेली वस्तू मुळात टिकणारीच नव्हती.

या प्रकाराला शास्त्रीय नाव मिळालं ते १९७१ मध्ये, आणि तेही तेलाच्या धंद्यात. केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अमेरिकी अभियंत्यांच्या लक्षात आलं, की मेक्सिकोच्या आखातातले तेलपट्टे लिलावात घेणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेइतका नफा मिळत नाही. कारण सरळ होतं. समुद्राखाली किती तेल आहे हे कुणालाच नक्की माहीत नसतं. प्रत्येक कंपनी अंदाज बांधते. सगळ्या अंदाजांची सरासरी बरोबर असली, तरी पट्टा सरासरीवाल्याला मिळत नाही. ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, त्याला मिळतो. याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात.

१९८३ मध्ये बेझरमन आणि सॅम्युअलसन यांनी हेच विद्यार्थ्यांवर करून पाहिलं. बरणीत आठ डॉलरचा ऐवज ठेवला आणि बोली मागवल्या. अंदाजांची सरासरी ५.१३ डॉलर आली, म्हणजे खऱ्या किमतीपेक्षा बरीच कमी. तरी जिंकणाऱ्या बोलींची सरासरी होती १०.०१ डॉलर. बहुतेक जण सावध असले तरी चालतं, जिंकायला एक उतावळा पुरतो.

आता सायकलकडे येऊ. इटलीतल्या व्हिचेंझा गावात तुलिओ कंपान्योलो यांनी १९३३ मध्ये कंपनी काढली. १९६७ च्या सुमारास तिचा ‘नुओवो रेकॉर्ड’ हा मागचा गिअर आला. एडी मर्क्ससारखे दिग्गज ते गिअर वापरून शर्यती जिंकले. पुढे १९८४ मध्ये जपानच्या शिमानोने खटका दाबताच नेमका बसणारा गिअर आणला. मग जुना, अंदाजाने सरकवायचा गिअर शर्यतीतून गेला आणि अडगळीत पडला. काही वर्षांनी त्याच अडगळीला शौकिनांनी शोभेची किंमत दिली. आज चकचकीत, कमी वापरलेला जुना गिअर लिलावात नव्या, जास्त चांगल्या चालणाऱ्या गिअरपेक्षाही महाग जाऊ शकतो. आपल्याकडे म्हणतातच, हौसेला मोल नाही. तिथवर माझी काही तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती फोटोपाशी. जुन्या कंपान्योलो क्रँकला एक ठरलेलं दुखणं आहे. क्रँकचा दांडा आणि चेनचक्र धरणारे पाच हात जिथे मिळतात, त्या बेचक्यात केसासारखी चीर पडते. हातात घेतली, पुसली, उजेडात धरली तर ती दिसते, फोटोत बहुधा दिसत नाही. मग समुद्राखालच्या तेलासारखंच होतं. वीस जण तोच फोटो पाहतात, आणि ज्याला त्यात सर्वांत कमी दोष दिसतात त्याच्या गळ्यात तो माल पडतो. पुण्याच्या जुन्या बाजारात मी पाहतो, गिऱ्हाईक चाक फिरवतं, कान लावतं, आटे बोटाने चाचपतं आणि मगच घासाघीस करतं. ऑनलाइन लिलावात ही चाचपणी गेली आणि चढाओढ तेवढी उरली.

आट्यांचा उल्लेख केला, तोही महत्त्वाचा आहे. पायडलचा कणा जिथे बसतो, तिथले इंग्रजी, इटालियन आणि फ्रेंच आटे वेगवेगळे. इटालियन ३६ मिलिमीटरचे, फ्रेंच ३५ चे, आणि इंग्रजी तर इंचाच्या मापात. एकाचा भाग दुसऱ्यात बसत नाही. ज्याच्याकडे नऊ भाग जमलेत, त्याला दहावा हवाच असतो, आणि तोही नेमक्या मापाचा. अशा वेळी तो त्या एका भागाची किंमत करत नाही, आधीच्या नऊ भागांत अडकलेले पैसे आणि रविवार वाचवायला बघतो. समोर तसाच दुसरा अडलेला भेटला, की भाव कुठेही जातो.

लिलावाची यंत्रणाही यात हात देते. पिअर ओमिड्यार यांनी १९९५ मध्ये जे संकेतस्थळ काढलं, तेच पुढे ईबे झालं. भारतात त्याने २००४ मध्ये ‘बाझी’ विकत घेऊन पाय रोवला. तिथली पद्धत अशी: तुम्ही तुमची कमाल रक्कम सांगायची, यंत्र गरजेपुरतीच बोली वाढवतं, आणि जिंकल्यावर तुम्ही साधारण दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या एक पायरी वर देता. विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये अशा पद्धतीतलं शहाणपण दाखवून दिलं होतं: मनातली खरी कमाल रक्कम एकदाच सांगा आणि स्वस्थ बसा. पण माणसं स्वस्थ बसत नाहीत. कुणीतरी आपल्यावर बोली चढवली, की कमाल रक्कमच वाढते. रॉथ आणि ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये दाखवलं, की ठरलेल्या घटकेला बंद होणाऱ्या ईबेवर शेवटच्या क्षणी बोली टाकणारे पुष्कळ होते. अॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात उशिरा बोली आली की मुदत वाढायची, तिथे असे लोक बरेच कमी होते.

आणखी एक अभ्यास ऐका. ली आणि माल्मेंडियर यांनी २०११ मध्ये एका पटावरच्या खेळाचे लिलाव तपासले. तोच खेळ त्याच संकेतस्थळावर ठरावीक किमतीला लगेच मिळत होता. तरी ४२ टक्के लिलावांत अंतिम बोली त्या किमतीच्या वर गेली. टपालखर्च धरला तर ७३ टक्के. गंमत म्हणजे तो खेळ ‘रिच डॅड पुअर डॅड’च्या लेखकाचा, पैशाचं शहाणपण शिकवणारा! परदेशातून गिअर मागवणाऱ्या आपल्या शौकिनाला तर टपालावर सीमाशुल्कही बसतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मला यात खरी चिंता पैशांची नाही. ज्याचे पैसे आहेत तो बघून घेईल. चिंता सायकलींची आहे. सुट्या भागांचे भाव चढले, की अख्खी जुनी सायकल विकण्यापेक्षा ती मोडून विकणं फायद्याचं ठरतं. चामड्याचं सीट एकाला, दिवा दुसऱ्याला, क्रँक तिसऱ्याला, आणि सांगाडा भंगारात. आपल्याकडे कितीतरी घरांच्या माळ्यावर आजोबांची रॅले, हंबर किंवा आसनसोलची सेन-रॅले आहे. त्या सायकलवर कुणी गिरणीत गेलं, कुणी गावोगाव शाळा तपासल्या. एकसंध असेपर्यंत तिला हा इतिहास आहे. चार पार्सलांत विभागली, की उरतात नुसते भाग.

म्हणून तुमच्यापैकी जे या छंदात आहेत, त्यांना एवढंच सांगतो. बोलीआधी, तोच भाग मागे प्रत्यक्षात कितीला गेला ते पाहा. आट्याचं माप लेखी विचारा, आणि बेचक्याचा जवळून काढलेला फोटो मागा. टपाल आणि शुल्क धरून एक आकडा कागदावर लिहा, आणि लिलाव संपेपर्यंत त्याला हात लावू नका. आणि माळ्यावरची सायकल विकायचीच झाली, तर अख्खी विका. दोन पैसे कमी येतील, पण नव्या मालकाला ती चालवता येईल.

पुढच्या भागात भेटू.