बिल्ल्याच्या कडेवरील अक्षरे

खंडेनवमीच्या दिवशी कोयता, विळा, नांगराचा फाळ यांच्या पंक्तीला एक लहानशी पत्र्याची डबी ठेवण्याची चाल आपल्या ज्ञातीतील काही घरांत होती. डबीत वाडवडिलांचे लष्करी बिल्ले असत. ‘पदक’ हा शब्द पुस्तकातला. वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘बिल्ला’ हाच शब्द. त्याला गंध लागे, झेंडूचे फूल वाहिले जाई, आणि सण सरला की डबी पुन्हा ट्रंकेच्या तळाशी जाई. पोटासाठी माणसे मुंबईस आली आणि लालबाग-परळच्या चाळींत राहिली, तेव्हा डबीही त्यांच्याबरोबर आली. गिरणीत साच्यांची पूजा होई, घरी डबीची.

प्रस्तुत लेख लिहिण्यास जे निमित्त घडले ते थोडे लाजिरवाणे आहे. काही वर्षांपूर्वी याच स्मरणिकेत मी आमच्या आजोबांविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. पहिल्या महायुद्धात ते सुभेदार होते आणि कुतच्या वेढ्यात सापडले होते, असे त्यात मी नमूद केले होते. घरात तसेच ऐकत आलो होतो. ती दोन्ही विधाने चुकीची होती. ती मला कशी कळली हे सांगण्यापूर्वी या बिल्ल्यांची थोडी हकीगत सांगितली पाहिजे.

१९१४ ते १९१८ च्या युद्धात तेरा लाखांच्या आसपास हिंदी माणसे समुद्रापार गेली. रत्नागिरी व सातारा हे जिल्हे मराठा पलटणींच्या भरतीची मुख्य क्षेत्रे होती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातील ४६ जण त्या युद्धात कामी आले, आणि गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ हे नाव कायमचे चिकटले. जे परत आले त्यांना बहुधा दोन बिल्ले मिळत. एक ‘ब्रिटिश वॉर मेडल’, चांदीचे, एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचे मस्तक व दुसऱ्या बाजूस घोडेस्वार. दुसरे ‘व्हिक्टरी मेडल’, काशाचे, पिवळसर, त्यावर पंख पसरलेली विजयदेवता. मजूर तुकड्यांतील माणसांना पहिलेही काशाचेच दिले गेले. चांदी लढवय्यांना आणि कासे हमालांना, हा भेद सरकारने बिल्ल्यांतही पाळला होता!

पलटणीतून सुटलेला माणूस मुंबईस येऊन गिरणीत लागे किंवा एखाद्या पेढीच्या दाराशी रखवालदार होई. रखवालदाराला बिल्ल्यांचा उपयोग असे. कोटावर फिती लावलेला माणूस दाराशी उभा राहिला की पेढीची पत वाढते, ही समजूत अजूनही गेलेली नाही. साच्यावर उभ्या राहणाऱ्याला मात्र त्यांचा काडीमात्र उपयोग नव्हता. आमचे आजोबा साचेखात्यात होते. त्यांना मी बिल्ले लावलेले कधी पाहिले नाही. शिवाजी पार्कवर प्रजासत्ताकदिनी संचलन पाहावयास ते आम्हां मुलांना घेऊन जात, पण साध्या सदऱ्यात, गर्दीत मागे उभे राहून. १९६७ साली ते वारले.

चांदीच्या बिल्ल्यात एक औंसाच्या आसपास चांदी असे. जुन्या मापाने अडीच तोळ्यांहून थोडी अधिक. हीच त्याची गुणवत्ता आणि हाच त्याचा घात. १९८० च्या जानेवारीत जगभर चांदीचे भाव कडाडले, तेव्हा खुद्द विलायतेतही असे असंख्य बिल्ले वितळून गेले. आपल्याकडे निराळे कारण दोन वर्षांनी आले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्या वर्षी लालबाग-परळच्या घरांतून पितळेची भांडी, बायकांचे दागिने आणि शेवटी देवांचे टाकसुद्धा बाहेर पडले. हे मी कोणाकडून ऐकून लिहीत नाही. संपाच्या आठव्या महिन्यात वडिलांनी चांदीचा बिल्ला माझ्या हाती दिला आणि सावकाराकडे गहाण ठेवून यावयास सांगितले. मी नुकताच शिक्षकाच्या नोकरीस लागलो होतो. घरात इंग्रजी अक्षरे वाचता येणारा मी एकटा. सावकाराने बिल्ला तराजूत टाकला, वजन पाहिले, पैसे मोजले. मी तो उलटसुलट करूनसुद्धा पाहिला नाही. मुदत टळली आणि बिल्ला गेला.

सेवेत असलेल्या सैनिकाने आपले पदक विकले, गहाण टाकले, मोडले वा विद्रूप केले, तर १९५० च्या सेना कायद्याच्या ५४ व्या कलमान्वये तो गुन्हा ठरतो. सेवेतून सुटल्यावर तोच बिल्ला त्याच्या घरच्यांनी मोडीत घातला, तर कोणी विचारीत नाही.

दुसरा, पिवळा बिल्ला वाचला तो आजीमुळे. त्यावरील पंखवाली विजयदेवता तिने देवीच मानली होती आणि तो देव्हाऱ्यात, कुलदेवतेच्या टाकाशेजारी ठेवला होता. रोजच्या हळदकुंकवाचा थर त्यावर बसला होता. आमची चाळ पुनर्बांधणीसाठी रिकामी करावयाची ठरली, तेव्हा देव्हारा हलवताना मी तो चिंचेच्या पाण्याने स्वच्छ केला, आणि कडेवर ठसवलेली बारीक इंग्रजी अक्षरे दिसली. भिंग घेऊन वाचली. क्रमांक, हुद्दा ‘सिपॉय’, म्हणजे शिपाई, आजोबांचे नाव, आणि ‘११४ मराठाज’.

कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ती फौज तुर्कांना शरण गेली. ११४ वी पलटण त्या वेढ्यात नव्हती. तेथे घोड्याचे मांस खाण्याची पाळी आली होती ही गोष्ट आजोबा सांगत. ती त्यांनी दुसऱ्या कोणा शिपायाकडून ऐकलेली असावी, आणि आम्ही ती त्यांच्याच नावावर चढवली. सुभेदारीचेही तसेच. थोडा विचार केला असता, तर सुभेदाराला परत येऊन साच्यावर उभे राहण्याची पाळी येत नाही, हे माझ्यासारख्या इतिहास शिकवणाऱ्याच्या केव्हाच ध्यानात यावयास हवे होते.

११४ व्या पलटणीचे स्वतःचे मोठेपण आहे. १९१८ च्या ऑक्टोबरअखेर मेसोपोटेमियात शरकतच्या लढाईत तिने २८ शौर्यपदके मिळवली. पुढे १९२२ साली मराठा पलटणींची फेररचना झाली, तेव्हा हीच प्रशिक्षणाची पलटण झाली. आमच्या घरात शरकतचे नाव कोणी ऐकले नव्हते. खोट्या कुतपायी खरे शरकत हरवले होते.

दुसऱ्या महायुद्धातील बिल्ले चांदीचे नव्हते. ‘आफ्रिका स्टार’, ‘इटली स्टार’, ‘बर्मा स्टार’ हे तारे पिवळ्या मिश्रधातूचे, ‘वॉर मेडल’ तांबे-निकेलचे. सराफ त्यांना हात लावीना, म्हणून ते संपातून वाचले. चाळी पाडण्याच्या धांदलीत मात्र ते भंगारात जाऊ लागले आहेत. त्या युद्धात इटलीत नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव या दोघा मराठा सैनिकांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे १० जुलै १९४४ रोजी लढता लढता पडले. त्यांचे पदक घ्यावयास त्यांच्या पत्नीला जावे लागले. माणगावला त्यांचा पुतळा आहे. जाधव १९८४ पर्यंत हयात होते. अशांची नावे इतिहासाने राखली. साध्या शिपायाचे नाव फक्त कडेवर असते. विलायतेत ते तारे बिननावाचे वाटले गेले. हिंदी सैनिकांच्या बहुतेक ताऱ्यांवर व पदकांवर मात्र नाव घातलेले असते. चोरबाजारातील व्यापारी प्रथम हे नावच पाहतो, कारण संग्राहक धातूचे नव्हे तर नावाचे पैसे देतो. आपण तेवढेही पाहत नाही.

काही कुटुंबे आपले बिल्ले बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या संग्रहालयास देण्याचा विचार करीत आहेत. त्यात गैर काही नाही, परंतु देण्यापूर्वी कडेवरचा मजकूर उतरून घ्यावा. ज्यांना घरातच ठेवावयाचे असतील त्यांनी ते चिंचेने घासू नयेत. मी केले ते चुकले, अक्षरे झिजतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसावेत.

ज्ञातिगृहाच्या वाचनालयात या कामासाठी एक नोंदवही ठेवली असून, दर रविवारी सकाळी मी भिंग घेऊन तेथे बसतो. बिल्ला वहीत नोंदून लगेच परत दिला जातो. पहिली नोंद आमच्या घरची आहे, आणि हुद्द्याच्या रकान्यात ‘शिपाई’ असे लिहिले आहे.