कावळा, फांदी आणि मँचेस्टरचा गोलवीर

इतिहासात काही समजुती इतक्या रूढ होऊन बसतात, की त्यांची शहानिशा करावी असे सहसा कुणाला वाटत नाही. खेळाचा इतिहासही त्याला अपवाद नाही. जुलै २००६ मध्ये रूड व्हान निस्टलरॉय हा डच आघाडीपटू मँचेस्टर युनायटेड सोडून रेआल माद्रिदला गेला. त्यानंतर तीन मोसम हुलकावणी देणारे प्रीमियर लीगचे विजेतेपद मँचेस्टरने २००७ साली परत मिळवले. २००८ व २००९ मध्येही ते राखले आणि २००८ साली युरोपचा चॅम्पियन्स लीग चषकही जिंकला. तेव्हापासून अनेक फुटबॉलप्रेमी छातीठोकपणे सांगत आले आहेत, की तो गेला म्हणूनच संघ सुधारला. हे कितपत खरे, याचा आपण येथे शांतपणे विचार करू.

व्हान निस्टलरॉय हा सामान्य खेळाडू नव्हता. २००१ साली तो मँचेस्टरला आला आणि पाच मोसमांत २१९ सामन्यांत त्याने १५० गोल केले. यांपैकी जवळजवळ सर्वच गोल पेनल्टी क्षेत्राच्या आतून झालेले. साहजिकच संघाचा सारा खेळ त्याच्याभोवती फिरू लागला. पुढे प्रशिक्षक सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्याशी त्याचे बिनसले. फेब्रुवारी २००६ मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून राहिला. मे महिन्यातील लीगच्या अखेरच्या सामन्यात तर तो संघातच नव्हता.

आता आकड्यांकडे वळू. २००५-०६ मध्ये मँचेस्टरने लीगमध्ये ७२ गोल केले. त्यांपैकी २१ एकट्या व्हान निस्टलरॉयचे. तो गेल्यावर, त्याच्या जागी तोलामोलाचा आघाडीपटू न घेताही, गोलांची संख्या ८३ वर गेली. क्रिस्तियानो रोनाल्डोचे गोल ९ वरून १७ झाले. रोनाल्डो व वेन रूनी जागा बदलत, मोकळ्या मैदानात वेगाने चढाया करू लागले. एका माणसाची वाट पाहणारा संघ आता अनेक वाटांनी गोलापर्यंत पोहोचू लागला. रूढ समजुतीला आधार आहे तो इतका, आणि तो आम्ही नाकारीत नाही.

परंतु थोडे मागे गेले, की चित्र पालटते. २००१-०२ मध्ये, म्हणजे व्हान निस्टलरॉयच्या पहिल्याच मोसमात, मँचेस्टरने लीगमध्ये ८७ गोल केले होते. २००६-०७ मधील ८३ पेक्षा ते अधिकच. तरीही संघ तिसरा आला, कारण त्याने ४५ गोल स्वीकारले होते. २००६-०७ मध्ये हाच आकडा २७ होता. बचावाची ही मजबुती आघाडीपटूच्या जाण्याने आलेली नव्हती. बचावपटू नेमान्या विदिच आणि पॅट्रिस एव्हरा हे जानेवारी २००६ मध्येच संघात दाखल झाले होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मायकेल कॅरिक मधल्या फळीत आला आणि डोळ्यांच्या विकारामुळे अर्धा मोसम बाहेर राहिलेला पॉल स्कोल्सही परतला. शिवाय रोनाल्डो विशीतला तरुण होता. वयाबरोबर त्याचा खेळ बहरणारच होता.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. मँचेस्टरने ८९ गुण मिळवून विजेतेपद जिंकले. आदल्या वर्षी चेल्सीने ९१ गुण मिळवले होते. म्हणजे हेच ८९ गुण तेव्हा अपुरे पडले असते! २००६-०७ मध्ये चेल्सी ८३ गुणांवर अडकली, कारण तिचा गोलरक्षक पेत्र चेक डोक्याच्या गंभीर दुखापतीने आणि कर्णधार जॉन टेरी पाठदुखीने बराच काळ बाहेर होते. प्रतिस्पर्ध्याच्या या संकटाशी व्हान निस्टलरॉयच्या जाण्याचा काय संबंध?

तिकडे माद्रिदमध्ये काय घडले? त्याच मोसमात त्याने स्पेनच्या लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे २५ गोल केले आणि रेआलने चार वर्षांनी विजेतेपद मिळवले. मँचेस्टरचे यश त्याच्या जाण्याचे फळ मानायचे, तर रेआलचे यश त्याच्या येण्याचे फळ मानणे ओघानेच आले. पण तेथेही फाबिओ कापेल्लो हे नवे प्रशिक्षक आणि इतर नवे खेळाडू आलेच होते. एकच तराजू दोन्हीकडे लावला, की दोन्ही निष्कर्ष सारखेच घाईचे ठरतात.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. येथे मात्र तेवढेच म्हणून भागणार नाही. त्याच्या जाण्याने जागा मोकळी झाली, हे खरे; पण त्या जागेचे सोने करणारी माणसे आधीच संघात होती किंवा नव्याने आणली गेली होती. ती नसती, तर तेच जाणे संघाला महागात पडले असते.

हा प्रश्न केवळ फुटबॉलचा नाही. कुटुंबातून वा संस्थेतून एखादा कर्तबगार माणूस दुरावतो, पुढे बरे दिवस येतात आणि आपण चटकन म्हणतो, 'तो गेला आणि भले झाले.' ज्याने पाच वर्षे घाम गाळला त्याचे श्रम त्या एका वाक्यात पुसले जातात. जे मागे राहून राबले त्यांचे श्रेयही हरवते. दोघांनाही न्याय द्यायचा, तर असे वाक्य उच्चारण्यापूर्वी आपण हिशेबाची सारी पाने उलटून पाहिली पाहिजेत.