तबकडीवरची कौले

हार्ड डिस्क बिघडली की तेवढ्याच क्षमतेची दुसरी आणून बसवावी, असा आपला साधा हिशेब. तो २०२० साली अनेकांच्या अंगाशी आला.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्या ५० तबकड्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. पुढे क्षमता वाढत गेली, ती बरीचशी माहितीचे वर्तुळाकार पट्टे अरुंद करून. पण लिहिणारे हेड फार बारीक करता येईना. वाचणाऱ्या हेडला मात्र त्याहून अरुंद पट्टा पुरतो. मग पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवले तर? २०१३ साली सीगेटने अशा डिस्क जाहीर केल्या. जागा वाचली खरी. पण मधले कौल बदलायचे तर त्यावरची उचलावी लागतात! तसेच येथे एका पट्ट्यासाठी पुढचे कित्येक पट्टे पुन्हा लिहावे लागतात.

अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या साठ्यात एक गेली, तर उरलेल्यांच्या आधारे तिची माहिती नव्या डिस्कवर उभी केली जाते. हे लेखन तासन् तास चालते. तेवढ्यात आणखी एक गेली, तर सारेच गमावण्याची भीती. नेमक्या याच कामासाठी विकल्या गेलेल्या वेस्टर्न डिजिटलच्या काही ‘रेड’ डिस्क कौलारू निघाल्या. कुठे काम कित्येक दिवस रेंगाळले, तर कुठे संगणकाने कोरी डिस्क सदोष ठरवून बाहेर काढली. कंपनीने एप्रिलमध्ये हे मान्य केले आणि जूनमध्ये जुन्या पद्धतीच्या डिस्कना ‘रेड प्लस’ हे वेगळे नाव दिले.

एकदा लिहून ठेवायच्या जुन्या नोंदींना कौलारू डिस्क छान चालते.