घरी बनवलेला कॅम्पर पिकअपवर कसा चढवायचा? ३ स्वस्त मार्ग

अमेरिकेत बरेच जण प्लायवूडची झोपायची खोली घरीच बनवून पिकअपच्या हौद्यात बसवतात. यालाच ट्रक कॅम्पर म्हणतात. युक्ती सोपी आहे: कॅम्पर अधांतरी उभा करायचा, पिकअप रिव्हर्स घेत त्याच्याखाली न्यायची आणि मग कॅम्पर हळूहळू खाली सोडायचा.

१. चार हँडल जॅक: कॅम्परच्या चार कोपऱ्यांना बोल्टने बसवा. डाव्या-उजव्या जॅकमधून गाडी जायला हवी. फोर्ड एफ-१५० आरसे सोडून सुमारे ८० इंच रुंद आहे, हे लक्षात ठेवा.

२. एक जॅक आणि लाकडी ठोकळे: सगळ्यात स्वस्त. एकेक कोपरा उचलून आधाराखाली ठोकळे आडवे-उभे रचत जा. वेळ मात्र भरपूर लागतो.

३. चेन ब्लॉक: मजबूत लोखंडी चौकट असेल तरच. घराच्या छताला टांगू नका.

मी पहिला मार्ग निवडेन, कारण मुक्कामाच्या जागीही कॅम्पर उतरवता येतो.

कुठलाही मार्ग घ्या, जमीन सपाट हवी. एका वेळी एक कोपरा दोन-तीन इंचच हलवा, नाहीतर कॅम्पर कलंडेल. आणि उचललेल्या कॅम्परखाली कधीच शिरू नका. वजन पेलोडमध्ये बसतंय का, ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आधीच बघा.