चेंडूखालच्या दीड इंचाची कुळकथा

गोल्फचं सामान विकणाऱ्या दुकानात एक किरकोळ दिसणारी वस्तू मिळते. टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, तिच्यात अडकवायची, किती खोल जायचं ते ठरवून घ्यायचं आणि हत्याराचा तळ जमिनीला टेकेपर्यंत दाबायचं. हत्यार काढून घेतलं की टी दर वेळी नेमकी तेवढीच वर राहिलेली असते. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू येतं. बोटभर खुंटी मातीत खोचायला हत्यार कशाला? पण या हत्याराचं घराणं जुनं आहे. लाकडी टीचं राज्य सुरू झालं त्याच्या कितीतरी आधी चेंडू सारख्याच उंचीवर बसवायची साधनं खेळाडूंच्या खिशात होती. लाकडी टी आली तशी ती अडगळीत गेली, आणि त्यांच्याबरोबर सारखेपणाही गेला. पुढं तोच सारखेपणा नव्या रूपात विकत घ्यावा लागला.

गोल्फमध्ये चेंडू उचलून ठेवायची मुभा प्रत्येक होलच्या पहिल्या फटक्यालाच असते. त्यानंतर चेंडू जिथं पडेल तिथून, गवतात असो की वाळूत, तसाच मारायचा. विटीदांडूत गलीवर विटी आडवी ठेवतात ती दांडू खालून जावा म्हणून. इथंही चेंडू जमिनीपासून सुटा करायचा तो त्याच हिशोबाने. अॅबरडीनचा शाळामास्तर डेव्हिड वेडरबर्न याने १६३६ साली मुलांसाठी लॅटिन शब्दांचं पुस्तक काढलं, त्यात गोल्फच्या शब्दांमध्ये चेंडूखालच्या उंचवट्याचाही उल्लेख सापडतो. १७४४ साली एडिंबरोच्या खेळाडूंनी लीथच्या माळावर चांदीच्या क्लबसाठी, म्हणजे गोल्फच्या काठीसाठी, स्पर्धा भरवली आणि तिच्यासाठी तेरा नियम लिहिले. गोल्फचे हेच सर्वांत जुने लेखी नियम. त्यातला पहिलाच नियम टीचा: होलपासून एका क्लबच्या लांबीच्या आत चेंडू मांडायचा. दुसरा सांगतो की टी जमिनीवरच असली पाहिजे. खाली सही जॉन रॅट्रेची. तो पेशाने शल्यवैद्य. या कुळकथेत डॉक्टरमंडळी पुढंही भेटणार आहेत.

नियम वाचला की एक अडचण लक्षात येते. होलपासून क्लबभर अंतरावर पुढच्या होलची सुरुवात, म्हणजे जिथं चेंडू हळुवार ढकलायचा त्याच गवतावर उभं राहून दणदणीत फटका मारायचा. शिवाय टीसाठी वाळू आणायची कुठून? हात घालून होलमधूनच. दिवसभरात इतक्या जणांनी चिमूट चिमूट वाळू उपसली की होल कोपरभर खोल होई आणि चेंडू काढायला गुडघे टेकावे लागत. पुढं हे अंतर वाढत गेलं, मग सुरुवातीची जागाच वेगळी झाली. त्याचं श्रेय सेंट अँड्रूजच्या ओल्ड टॉम मॉरिसला देतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या जागेशेजारी लाकडी पेटी आली, पेटीत वाळू, जोडीला पाणी. ओली वाळू चिमटीत घेऊन तिचा शंकू करायचा, माथ्यावर जराशी खळी पाडायची आणि चेंडू अलगद ठेवायचा. हे काम बहुतेक वेळा कॅडीचं, म्हणजे खेळाडूचं सामान वाहणाऱ्या मदतनीसाचं. चांगल्या कॅडीला आपल्या मालकाला किती उंच ढीग लागतो ते हाताला पाठ असे. पण कॅडी बदलला की उंची बदलली. वाळू कोरडी पडली की शंकू बसला. आणि स्वतः ढीग करावा, तर ओल्या वाळूने माखलेल्या हातांनी क्लब धरायचा. चामड्याच्या मुठीवर ती वाळू कशी करकरत असेल!

या कटकटीतून आला साचा. गोल्फच्या जुन्या वस्तू जमवणाऱ्यांकडे हे साचे आजही असतात. काही पितळी, काही तोफेच्या धातूचे, काही रबराचे. दिसायला पुजेतल्या घंटीएवढे, आतून पोकळ. तोंड वाळूत दाबून साचा ठासून भरायचा, उपडा करून जमिनीवर टेकवायचा आणि माथ्यावरचा दट्ट्या अंगठ्याने दाबून साचा वर उचलायचा. आतली स्प्रिंग दट्ट्याला जागेवर आणते आणि गवतावर एक गुळगुळीत शंकू उभा राहतो, माथ्यावर चेंडूसाठी खळगा आधीच पडलेला. वाळू पुरेशी ओली असली तर पहिला शंकू आणि अठरावा शंकू एकाच उंचीचे. कॅडी कोणीही असो. टीची उंची माणसाच्या अंदाजातून काढून धातूच्या मापात घातली ती इथं. आजच्या हत्याराचा खापरपणजोबा शोधायचा तर तो मला या घंटीतच दिसतो.

दरम्यान वाळूच नको म्हणणारेही कामाला लागले होते. १८८९ साली विल्यम ब्लॉक्सम आणि आर्थर डग्लस या स्कॉटलंडच्या जोडीने ब्रिटनमध्ये पेटंट घेतलं. त्यांची टी म्हणजे जमिनीवर आडवी ठेवायची रबराची पट्टी, तिच्यावर चेंडू पेलणारी उभी रबरी बोटं. जमिनीत काहीच रुतवायचं नाही, त्यामुळे उंची कायम ठरलेली. १८९२ साली पर्सी एलिसने ‘परफेक्टम’ आणली. वर रबर, खाली जमिनीत खुपसायचा धातूचा खिळा. पुढं कागदाच्या टी आल्या, दोरीला वजन बांधलेल्या रबरी टी आल्या, म्हणजे फटका बसल्यावर टी उडून हरवू नये. खप असा कशाचाच झाला नाही. वाळू फुकट होती, कॅडी स्वस्त होता.

१२ डिसेंबर १८९९ रोजी अमेरिकेत एक पेटंट मंजूर झालं, क्रमांक ६३८९२०. ते होतं बॉस्टनच्या डॉ. जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट यांचं. लाकडाची निमुळती खुंटी, वरच्या टोकाला रबराची नळी, नळीच्या तोंडावर चेंडू. वाळूचे शंकू रचायची दगदग वाचावी, हा हेतू त्यांनी पेटंटातच लिहून ठेवला आहे. ग्रँट यांचे वडील एकेकाळी गुलाम होते. ते स्वतः १८७० साली हार्वर्डच्या दंतवैद्यक शाळेतून पदवीधर झाले आणि पुढं हार्वर्डमध्ये शिकवणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन ठरले. टाळूला जन्मजात फट असलेल्या रुग्णांसाठी कृत्रिम टाळू बनवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. तोंडाच्या आत, जिभेला न टोचता नेमकं बसणारं काही घडवायचं, तर मिलिमीटरचा हिशोब रक्तातच असावा लागतो. असा माणूस वाळूच्या ढिगाऱ्यावर वैतागला याचं मला तरी नवल वाटत नाही. नवल याचं, की त्यांनी आपली टी विकलीच नाही. काही बनवून घेतल्या, मित्रांना वाटल्या आणि विषय संपला. १९१० साली ते वारले. पुढची कित्येक दशकं लाकडी टीचा जनक म्हणून भलत्याच माणसाचं नाव घेतलं गेलं. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ग्रँट यांची दखल घेतली ती थेट १९९१ साली.

तो दुसरा माणूसही दंतवैद्यच. न्यू जर्सीचे डॉ. विल्यम लोवेल यांनी १९२१च्या सुमारास स्वतःसाठी टी तासून पाहिली. पहिला प्रयोग केला गटापर्चाचा. रूट कॅनाल करून घेतलेल्यांच्या दातात हा पदार्थ आजही बसलेला असतो; मलायाकडच्या झाडाचा चीक, गरम केला की मऊ, थंड झाला की घट्ट. दंतवैद्याच्या टेबलावर तो असायचाच. आणि १८४८ पासून अर्धशतकभर गोल्फचे चेंडूही त्याचेच बनत होते. चेंडूला चाललेलं खुंटीला मात्र चाललं नाही. बारीक खुंटी फटक्यासरशी मोडायची. मग लोवेल पांढऱ्या बर्चच्या लाकडाकडे वळले. आधी रंग हिरवा दिला, तो गवतात दिसेना, म्हणून लाल केला आणि त्यावरून नाव पडलं ‘रेडी टी’.

लोवेल यांचं खरं डोकं चाललं ते विक्रीत. १९२२ साली वॉल्टर हेगन आणि करामती फटके मारणारा ऑस्ट्रेलियन जो कर्कवुड हे प्रदर्शनी सामने खेळत अमेरिकाभर फिरायला निघाले. लोवेल यांनी त्यांना १,५०० डॉलर देऊन आपल्या टी वापरायला लावल्या. हेगन त्याच वर्षी ब्रिटिश ओपन जिंकलेला, कपड्यांचा शौकीन, लोक त्याच्याकडे बघायलाच यायचे. फटका मारून तो लाल टी तिथंच टाकून पुढं जाई आणि मागं पोरांची ती उचलायला झुंबड उडे. बघता बघता वाळूची पेटी ओस पडली. नकलाही तेवढ्याच वेगाने निघाल्या. लोवेल यांनी १९२५ साली पेटंटसाठी अर्ज केला, ते १९२८ साली मिळालं, पण नक्कल करणाऱ्यांशी कज्जे लढण्यात कमाई गेली. लेथवर कुणालाही उतरवता येईल अशा काडीचं पेटंट राखणार तरी कसं?

लाकडी टीने हात स्वच्छ ठेवले, वेळ वाचवला, खर्च जवळजवळ शून्यावर आणला. त्या नादात एक गोष्ट मात्र निसटली. साच्यातल्या शंकूला उंची ठरलेली होती. खुंटीची उंची पुन्हा अंगठ्याच्या जोरावर आली. ओल्या जमिनीत ती जास्त रुतणार, उन्हाने तापून कडक झालेल्या जमिनीत अर्ध्यावरच अडणार. तेव्हा फारसं कुणाचं बिघडलं नाही, कारण ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबचं, लाकडी डोकं बुटकं होतं आणि टी जमिनीच्या वर राहायचीच थोडी.

बिघडलं ते डोकं फुगल्यावर. १९७९ साली धातूचे ड्रायव्हर बाजारात आले, १९९१ साली कॅलवे कंपनीचा ‘बिग बर्था’ आला आणि पुढच्या बारा-तेरा वर्षांत डोकं एवढं वाढलं की नियमकर्त्यांना ४६० घन सेंटिमीटरवर रेघ मारावी लागली. डोकं उंच झालं तसा चेंडू उंच ठेवणं आलं. ड्रायव्हर जमिनीला टेकवल्यावर अर्धा चेंडू त्याच्या माथ्यावर दिसावा, हा आजचा ढोबळ नियम. चेंडूचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर. डोकं साठेक मिलिमीटर उंच धरलं, तर चेंडूचा तळ जमिनीपासून चाळीसच्या जवळ, म्हणजे दीड इंचावर येतो. टी लांबत गेली ती यामुळे. २००४ च्या नियमांत तिलाही मर्यादा आली: चार इंच, त्याहून लांब चालणार नाही.

या दीड इंचात पाच मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तर काय होतं? चेंडू ड्रायव्हरच्या मुखाच्या मधोमध न लागता खाली लागला तर तो कमी कोनात सुटतो आणि त्याला मागची फिरकी जास्त मिळते. हवेत तो उगाच तरंगतो आणि अंतर जातं. वर लागला तर कोन वाढतो, फिरकी घटते. थोडं वर असेल तर चांगलंच, पण फारच वर लागला तर चेंडू सरळ आभाळात आणि महागड्या ड्रायव्हरच्या माथ्यावर पांढरा ओरखडा. अर्थात फटका दर वेळी सारखा बसणाऱ्यालाच हा फरक कळतो. ज्याचा क्लब प्रत्येक वेळी दोन बोटं वर-खाली येतो, त्याने टीची उंची मिलिमीटरमध्ये मोजण्यात हशील नाही. पण हत्यारं विकत घेणाऱ्यांत अशांचाच भरणा जास्त दिसतो.

मुरलेल्या खेळाडूचं हत्यार त्याच्या हातातच असतं. चेंडू तळहातात, टी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, टीचा माथा चेंडूला टेकलेला. चेंडूनेच टी खाली दाबायची आणि बोटांची पेरं गवताला लागली की थांबायचं. ड्रायव्हरसाठी वेगळं पेर, आयर्नसाठी, म्हणजे धातूच्या पातळ पात्याच्या क्लबसाठी, नख टेकेपर्यंत. काही जण टीवर पेनाने रेघ मारतात. हीच रेघ कारखान्यात छापली की पट्ट्यांची टी झाली. आणि रेघेच्या जागी प्लास्टिकचा खांदा काढला की झाली कॅसल टी. हा खांदा जमिनीला टेकला की टी पुढं जातच नाही. प्रत्येक उंचीला वेगळा रंग, त्यामुळे खिशातून काढतानाच कळतं. पितळी साच्याने दिलेला सारखेपणा खुंटीला मिळाला तो या खांद्यामुळे. सराव मैदानांवर ठरावीक उंचीच्या रबरी नळ्या चटईतून वर काढलेल्या असतात, आणि जपान-कोरियात तर चटईखालचं यंत्रच चेंडू टीवर घेऊन वर येतं; उंचीसाठी फक्त बटण दाबायचं.

सगळ्यांनाच हे पटतं असं नाही. इंग्लंडची लॉरा डेव्हिस चार मोठ्या स्पर्धा जिंकली ती टीला फाटा देऊन. क्लबची टाच जमिनीवर मारून ती गवताचा लहानसा उंचवटा उठवायची आणि त्यावर चेंडू ठेवायची. नियमाला ते मंजूर आहे. वाळूचा ढीगही आजच्या नियमांत बसतो. तो बंद झाला तो सोयीपायी.

मला विचाराल तर खांद्याची टी पुरेशी आहे. वेगळं हत्यार घ्यावं ते कंबर धरलेल्यांनी, आणि त्यांनीही लांब दांड्याचं, ज्यात वाकावं न लागता टी आणि चेंडू दोन्ही उभ्याउभ्या बसतात. अठरा होलांना अठरा वेळा वाकणं साठीनंतर जड जातं, आणि तिथं उंचीचा सारखेपणा आपसूकच पदरात पडतो.